तेरा ठिपके, तेरा ओळी

मानवतला आमच्या दारातली रांगोळी पोरं सायकलवरून उतरून वाचायची. वाचायची म्हणजे खरंच वाचायची. पाणी कुठं आहे, भिंत कुठं, लपायला झाडी कुठं. मग आत येऊन बाकड्यावर बसायची आणि एकमेकांना सांगायची, "आजचं मैदान लय अवघड हाय रे."

ती रांगोळी माझी वहिनी काढायची. हे वाक्य मी इतकी वर्षं कुठंच बोललो नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

बारावीला दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेम टाकला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोंढ्यात धान्याची आडत होती, थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली बसायचा. मी कुणाच्याच हाताखाली नव्हतो. आप्पा माझ्याकडं बघून नुसतं "हं" करायचे, आणि त्या "हं"मध्ये सगळं यायचं. भावानं मध्यस्थी केली, हैदराबादहून टीव्हीला जोडायचे दोन संच आणि पिशवीभर कॅसेटी आल्या. कॅसेटींवर कुठल्या कंपनीचं नाव नाही, गाव नाही. एकीवर वाघाचं चित्र होतं आणि आत गाड्यांची शर्यत निघाली. त्या नकली आहेत हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. पण त्यात काही चूक आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

वहिनी सोनपेठची. दहावी झालेली, माझ्याच वयाची. पोरं असताना ती पुढच्या खोलीत येत नसे. दुपारी शाळेच्या वेळेला खोली मोकळी असायची, तेव्हा भांडी आवरून यायची आणि रणगाड्याचा खेळ लावायला सांगायची. त्यात वरून शत्रूचे रणगाडे येतात आणि खाली मधोमध एक पाखरू असतं, ते आपण वाचवायचं. मी हरलो की ती हसायची.

"भावजी, हे बारावीपेक्षा बरं हाय. हितं लगेच पुन्यांदा बसता येतं."

त्या खेळात स्वतःचं मैदान मांडायची एक सोय होती. गिऱ्हाइकांपैकी कुणालाच ती माहीत नव्हती, मलाही नाही. वहिनीनं बटणं दाबता दाबता शोधून काढली. विटा, लोखंड, पाणी, झाडी, हवं तिथं ठेवायचं आणि मग त्यातच खेळायचं. तिनं पहिलं मैदान मांडलं ते सोनपेठकडचा गंगेचा काठ. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पाखराच्या पुढून तिनं नदी नेली आणि मला म्हणाली, "पाण्यावरून गाडी येत न्हाई, पर गोळी येती. म्हून हितं झाडी लावायची न्हाई, आपल्याला दिसलं पायजे."

मांडून झालं आणि लाईट गेली. परत आली तेव्हा पडदा कोरा. त्या यंत्राला काही साठवून ठेवता येत नव्हतं.

वहिनीनं कोरं मैदान पुन्हा लावलं. मग पडद्यावर बोट ठेवून चौकोन मोजू लागली. आडवे मोजले, उभे मोजले.

"तेरा अन् तेरा. आवो भावजी, ही तर ठिपक्याचीच हाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून तिनं दारात तेरा ठिपके, तेरा ओळी घातल्या. गेरूच्या विटा, निळीचं पाणी, हिरव्या रंगाची झाडी, पांढरी रांगोळी म्हणजे लोखंड. मधोमध खाली पाखरू. पोरं उभी राहून बघायला लागली आणि मी आत तसंच मैदान मांडून दिलं. लाईट गेली तरी बिघडत नव्हतं. दाराशी जाऊन बघून यायचं, पुन्हा मांडायचं.

मग रोज नवं मैदान. बाजार, जिनिंग, रेल्वेचं फाटक. फाटक तिनं असं केलं होतं की शत्रू एका फटीतूनच यायचा, आणि ती फट आपणच चुकून गोळीनं मोठी करून बसायचो. पोरं चिडायची. पाथरीहून, सेलूहून पोरं यायला लागली. "कोन काढतं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "घरात काढतात." मी ते रोज चौकटीच्या कागदावर उतरवून ठेवायचो, कुणी सायकल घालून पुसलं तरी मैदान हाती राहावं म्हणून. वहिनीला ते माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं तसं करायला.

परभणीहून एकजण दर आठवड्याला पिशवी घेऊन यायचा, पिक्चरच्या आणि गेमच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचा. त्यानं एकदा दारात थांबून रांगोळी बघितली, मग माझे कागद बघितले. बघतच राहिला.

"ह्याचं पुस्तक काढू," तो म्हणाला. "जत्रेत विकू. परभणीत, हिंगोलीत, जिथं जिथं हा खेळ हाय तिथं. तुला नव्या कॅसेटी देतो, पायजे तेवढ्या."

"कुणी छापून घेतलं तर?"

"कॉपीराइट मारून ठिवतो की. माझ्या दुकानावर छापा पडला तवापासून मला सगळा कायदा पाठ हाय."

नाव कुणाचं घालायचं, असं त्यानं विचारलं.

इथं मी पुष्कळदा थांबलोय. मनाला सांगत आलो की घरच्या सुनेचं नाव जत्रेतल्या पुस्तकावर कसं छापायचं, आप्पांना काय वाटलं असतं, पोरांच्या तोंडी तिचं नाव आलं असतं. हे सगळं खरंच होतं, पण त्या क्षणी यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं. मी तिला विचारलंसुद्धा नाही. त्यानं विचारलं आणि मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. ते छापलेलं कसं दिसेल एवढंच डोक्यात होतं.

त्या संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. गावोगाव ताण होता, चौकात पोलीस, एसट्या बंद. पोरांसाठी खोली काही दिवस मी उघडलीच नाही. पुस्तकांचा गठ्ठा परभणीला अडकून पडला. त्या दिवसांत तिला सांगायला मला हवा तेवढा वेळ होता. ती दुपारी खेळायला येऊन बसायची, नवीन मैदानं मांडायची, मी शेजारी बसून बघायचो. सांगितलं नाही.

एसट्या सुरू झाल्यावर गठ्ठा आला. आप्पांनी पुस्तक हातात घेतलं, माझं नाव मोठ्यानं वाचलं, त्यात त्यांचं स्वतःचं नावही वाचलं, आणि खिशात घालून मोंढ्यात घेऊन गेले. माझं काही त्यांनी कुणाला दाखवायला नेलं असं तोवर झालं नव्हतं. मैदानं मी सुचवतो आणि वहिनी नुसती दारात उतरवते, असंच दोघांना वाटत होतं; भावानं एक प्रत वहिनीला नेऊन दिली. "बघ, तुझ्या दिरानं काय केलंय."

संध्याकाळी आप्पा ओसरीवर चहा पीत होते. वहिनी आतल्या दाराशी आली, हातात पुस्तक.

"भावजी, हे शेवटाला काय लिवलंय?"

"सर्व हक्क राखीव."

"कुनाचे?"

मी आप्पांकडं बघितलं. ते ऐकत होते.

"माझे," मी म्हणालो.

"हां." तिनं पानं उलटली. गंगेचा काठ होता, बाजार होता, फाटक होतं. "मंग उद्या मी दारात काढू का न्हाई?"

ती चिडून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. तेव्हा मी हसून "काढा की, तुमचंच हाय" म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि आप्पांना थोडं कमी कौतुक वाटलं असतं. एवढंच झालं असतं.

मी म्हणालो, "आता छापलं गेलंय वैनी. आता ते काढणं कायद्यात बसत न्हाई."

"माझ्याच दारात?"

"दार कुनाचंबी असू द्या. परभणीत छापा पडला, टीव्ही उचलून नेले पोलिसांनी. उद्या हितं आले तर पंचनाम्यात तुमचं नाव येईल."

तिनं पुस्तक मिटून पुढच्या खोलीतल्या कॅसेटींकडं बोट केलं. मग म्हणाली, "ह्या कॅसेटीवर कुनाचं नाव हाय भावजी? ज्यानं ह्यो खेळ केला, त्याला इचारलं व्हतं का तुमी?"

 आप्पांनी ओसरीवरूनच "सूनबाई" म्हटलं, म्हणजे पुरे झालं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दारात सडा होता आणि उंबऱ्याशी दोन छोटी कमळं. पोरं विचारायला लागली, "मैदान कुठाय?" मी म्हटलं, सुट्टी हाय. कागदावरची जुनी मैदानं थोडे दिवस पुरली, मग पोरांना ती पाठ झाली. दुपारी वहिनी येईनाशी झाली. वर्षाच्या आत मी खोली बंद केली.

पुढं मी परभणीला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान टाकलं. दिवसभर वकील समोर. एका म्हाताऱ्या वकिलाला मी एकदा, कुणा दुसऱ्याचंच प्रकरण असल्यासारखं करून, विचारलं. एखाद्यानं काढलेलं दुसऱ्यानं आपल्या नावानं छापलं तर?

"ज्यानं काढलं त्याचं," ते म्हणाले. "नोंद लागत नाही, शिक्का लागत नाही. काढलं त्या क्षणी त्याचं."

"आणि मूळ खेळच तिसऱ्याचा असला तर?"

"तर तो तिसरा भांडायला येईल. त्याचा मुद्दा निराळा, तो टिकेलही. पण तुमचा छापणारा कोण लागून गेला?"

मी त्यांचा कागद टाईप करून दिला. त्या आठवड्यात मी मानवतला जाऊन आलो, वहिनीच्या हातचं जेवलो आणि परत आलो. तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर किती सणावारांना त्या घरी गेलो, ते मोजत नाही.

परवाच्या दिवाळीत पुतणी सासरहून आली होती. तिला दारात मोठी रांगोळी काढायची होती, मोबाईलवर नमुने बघत होती. मी सहज म्हटलं, "आईला विचार की." ती हसली. "आईला ठिपक्यांची कुठं येते काका? आई फुलंच काढते. मी लहान होते तवा ठिपके घालायला लागले तर हातावर चापट मारायची."

वहिनी तिथंच डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

पुतणी बाहेर गेल्यावर मी बोललो. म्हटलं, वैनी, तवा मी खोटं बोललो. तसा कायदा नव्हता. ती मैदानं तुमची होती, रोज काढली असती तरी कुणी काही करू शकलं नसतं. आप्पा बसले होते म्हणून मी तसं बोललो.

तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तुमाला कवा कळलं हे?"

"बरीच वर्षं झाली."

"बरीच म्हंजे?"

"पोरगी शाळेत होती तवा."

वहिनीचा हात थांबला. "म्हंजे ठिपके शिकायच्या वयाची व्हती," ती म्हणाली. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही, कारण मागितलं असतं तर तिला द्यावंच लागलं असतं. आमच्या घरात तसंच असतं.

डाळ निवडून होत आली तेव्हा मी म्हटलं, "हे मी लिहून काढतो. तुमचं नाव घालून."

"आता नाव कशाला? तवा पायजे व्हतं." तिनं ताट झटकलं. "लिवायचं तर लिवा. पर तुमचंबी घालू नका. लय छापून झालंय ते."