पैठणीचं ठिगळ

भागीरथीबाईंचा काल तेरावा झाला. टेंभी नाक्यावरच्या त्यांच्या ओटीवर बायका जमल्या होत्या आणि एकीमागून एक तेच म्हणत होती, काय हात होता हो बाईंचा, तशी गोधडी आता कोण शिवणार. मी खांबाला टेकून ऐकत होते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलायचं नाही, मग बोलायचं तरी कधी? मी आता बोलणार आहे.

बाई दिसायला भारदस्त. नवरा कचेरीत शिरस्तेदार, त्यामुळं चालणंसुद्धा शिरस्तेदारी. उजव्या हाताच्या मधल्या बोटात चांदीचं अंगुस्तान असायचं, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालतात ते. हळदीकुंकवाला गेल्या तरी ते बोटात, पानाला चुना लावताना बोटात, रागावून मोलकरणीला दार दाखवतानाही बोटात. "हे काढलं ना, की मला हात उघडा वाटतो बाई," म्हणायच्या. शिवणाऱ्या बाईचं अंगुस्तान सुईच्या डोक्यानं टोचून टोचून चाळणीसारखं होतं. बाईंचं अंगुस्तान आरशासारखं गुळगुळीत. वीस वर्षांत त्यावर एक टोचा नाही. बायका ते रोज बघत होत्या आणि एकीलाही हे दिसलं नाही. की दिसलं आणि शिरस्तेदारही दिसले, कोण जाणे.

बाईंच्या नावाच्या सगळ्या गोधड्या सगुणा शिवायची. सगुणा चेंदणीच्या कोळीवाड्यातली. सकाळी खाडीची मासळी घेऊन आमच्या आळीत यायची, बोय, निवट्या, असेल ते. विकून झालं की बाईंच्या मागल्या दारी पडवीत बसून दुपारभर शिवायची. हाताला मासळीचा वास राहू नये म्हणून चिंचेनं हात घासायची, मग राखेनं, मग पुन्हा चिंचेनं. जुन्या लुगड्यांचे मऊ पदर एकावर एक घालायची, वर खणांचे, चिटाचे तुकडे जोडायची आणि कडेपासून आत फेरे घालत यायची. टाका तांदळाच्या कणीएवढा. मी स्वतः बरी शिवते, पण तो टाका मला जन्मात जमला नाही. हे मी उगाच म्हणत नाही, मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही.

आता इथं एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे तान्ह्या बाळाची गोधडी आधी पुरी करत नाहीत. फेरे घालत मध्यावर आलं की वीतभर जागा मोकळी ठेवायची. ते गोधडीचं पोट. बारशाच्या दिवशी त्यात तांदळाचे सात दाणे घालायचे, कारण पोट उपाशी ठेवू नये, आणि मग चारचौघींसमोर टाके घालून मिटवायचं. ज्या हातानं सुरू केली त्याच हातानं मिटवायची. आणि जिनं मिटवली तीच बाळाला पहिल्यांदा त्यावर निजवते. तेवढ्या वेळापुरता मान तिचा. मग बाळाची आजीही मागं.

प्लेग यायच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. बाईंची एकुलती एक लेक सरोज, कल्याणला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आली होती. सगुणानं छोटी गोधडी धरली. मी पडवीत वाल सोलत बसले होते, तेव्हा सगुणा बाईंना म्हणाली, "बाय, ही माजी शेवटची. डोलं चाललं माजं. सुईचं भोक दिसत नाय. एक मागते. बारशाला हिचं पोट मी मिटवीन, न् लोकांना सांगा का ही सगुणानं शिवलीय. एकदाच."

बाई सुपारी कातरत होत्या. "अगं, त्यात काय मोठंसं," म्हणाल्या. "तुला पुढं पाटावर बसवीन." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय हो, बसवू ना?" मी म्हटलं, बसवा की. अशी मी साक्षीदार झाले.

बारशाला सगुणा धुतलेलं लुगडं नेसून आली. डोक्यावर पाटी नसलेली सगुणा मी पहिल्यांदा पाहिली. मानेला सवय नसल्यानं ती थोडी डुलत होती. मागल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली आणि बोलावणं यायची वाट बघू लागली.

माजघरात पंचवीस बायका. कल्याणहून सरोजच्या सासूबाई, गंगुबाई, आल्या होत्या. ही बाई विड्याचं पानसुद्धा उलटं करून बघणारी. तिनं गोधडी उचलली, उलटी केली, नखानं टाका उचलून बघितला, आणि विचारलं, "कुणाचा हात?"

मी भागीरथीबाईंकडे बघत होते. त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं, सगुणा दिसली, आणि त्यांनी नजर अशी काढून घेतली जशी मांजरावरून काढतात. अंगुस्तानाचं बोट जरा पुढं करून, खाली बघून जरा हसत म्हणाल्या, "असंच आपलं, फावल्या वेळात."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आणि मी? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आमचे हे कचेरीत त्यांच्या यजमानांच्या हाताखाली कारकून. त्या वर्षी यांना मुरबाडला पाठवायचं घाटत होतं. मला ठाणं सोडायचं नव्हतं. एवढंच कारण, आणि ते मला तेव्हाही मोठं वाटलं नव्हतं.

गंगुबाई म्हणाल्या, "मग मिटवा की पोट आमच्यादेखत. हात बघू दे."

बाईंनी मांडी घातली, गोधडी मांडीवर घेतली. सुईत दोरा जाईना. तीनदा दोरा ओला केला, तीनदा चुकला. मी पुढं झाले आणि सुई ओवून दिली. हो, मीच. कुणी सांगितलंही नव्हतं.

मग जे टाके पडले ते काय सांगावं. कणीएवढ्या टाक्यांच्या मधोमध कावळ्याच्या ढांगा. बाई दात आवळून सुई खुपसत होत्या, अंगुस्तानावरून सुई घसरत होती, कारण ते घालून शिवायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. पंधरा-वीस टाके घातले, वर तीन गाठी मारल्या, घाम पुसला, आणि बाळाला निजवायला गोधडी घेऊन उठल्या. म्हणजे उठायला गेल्या. गोधडी हातातून सुटली आणि खाली पडायची ती बाईंच्या अंगावरच लोंबत राहिली. बाईंनी गोधडीचं पोट स्वतःच्या पैठणीला शिवलं होतं.

मांडीवर धरून शिवताना खाली आपलं लुगडं आहे हे पोरसवदा मुलीही विसरत नाहीत. एकदा विसरतात, आई चापट मारते, पुन्हा विसरत नाहीत. बाईंना ती चापट पन्नाशीला मिळाली. आम्ही सगळ्या पदर तोंडाला लावून बसलो. गंगुबाई म्हणाल्या, "विहीणबाई, नातवाला निजवायची आहे, का तुम्हीच नेसून जाणार?"

मला वाटलं, आता संपलं. आता उंबऱ्यावरून सगुणाला बोलवावंच लागेल. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

पण बाई लाजेल तर शपथ. त्या तशाच उभ्या, गोधडी लोंबती, आणि म्हणाल्या, "आमच्यात असंच असतं. आजीच्या चांगल्या लुगड्याचा तुकडा पोटाला लागतोच. तिची ऊब बाळाला मिळावी म्हणून. सरोज, कात्री दे." आणि पापणी न लवू देता कचाकच कात्री चालवून स्वतःच्या पैठणीचा चार बोटं तुकडा काढला. गोधडीच्या पाठीला तो तसाच राहिला, दोरे लोंबणारं मोराच्या रंगाचं ठिगळ.

कुणी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. उलट कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "हो, माझी आत्या सांगायची खरं." दुसरी म्हणाली, "जुनी रीत आहे ती." गंगुबाईंनी ठिगळाला हात लावून कपाळाला लावला. शेणाच्या गोळ्यालाही शेंदूर फासला की या बायका नमस्कार करतील. उंबऱ्याशी बघितलं तर सगुणा उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती मासळी घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "सगुणा, मी बोलायला हवं होतं गं." ती बोयी मोजून सुपात टाकत होती. म्हणाली, "पोट तीन धुण्यांत उसवंल, बाय. माजा फेरा नाय उसवायचा." आणि पाटी उचलून गेली.

पोट उसवलं की नाही मला ठाऊक नाही, पण ठिगळ पसरलं. दोन वर्षांत टेंभी नाक्यापासून नौपाड्यापर्यंत आणि तिकडे कल्याणात, ज्या घरात बाळ त्या घरात आजीच्या शालूला कात्री. त्याला 'भागीरथीचा तुकडा' म्हणू लागल्या. धड लुगडी कापायच्या आणि आनंदानं दाखवायच्या. ज्यांच्याकडे चांगलं लुगडं नव्हतं त्या शेजारणीकडून तुकडा मागून आणायच्या. मी अशा प्रत्येक बारशाला जायचे, घुगऱ्या खायचे, आणि घरी येऊन हेमाला, माझ्या लेकीला, सांगायचे, "बघ, अक्कल वाटत होते तेव्हा या आळीतल्या बायका चाळणी घेऊन गेल्या होत्या. तुझ्या वेळी मी दाखवीन कसं करायचं ते. सगुणाला पाटावर बसवीन. तिचं नाव सगळ्यांसमोर घेईन."

प्लेगच्या आदल्या वर्षी हेमाची वेळ आली. सगुणाला तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मी चेंदणीला गेले, तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, "डोलं नाय, पन बोटं हायत." चार महिने लागले. सुया मी ओवून ठेवायचे, एका वेळी वीस. ती बोटांनी मागचा टाका चाचपून पुढचा घालायची. टाका तोच होता, कणीएवढा. मी तिला म्हटलं, "ह्या वेळी पोट तूच मिटवायचंस." ती हसली. "बघू," म्हणाली.

बारसं भरलं. सगुणा उंबऱ्याशी बसली, लुगडं धुतलेलं. हेमाच्या सासूबाई डोंबिवलीच्या, शेतीवाडीच्या, मानपान बघणाऱ्या. त्यांनी गोधडी हातात घेतली, दोन्ही बाजू बघितल्या, आणि माझ्याकडे अशा काही आदरानं बघितलं की तसं माझ्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. लग्नात याच बाईनं माझ्या हातच्या करंज्यांना नाक मुरडलं होतं. म्हणाल्या, "अगबाई, काय हात आहे. कुणाचा?"

सगुणाला दिसत नव्हतं. तिनं कान आमच्याकडे वळवला.

वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. सात वर्षं तयार होतं. आणि मी म्हटलं, "घरचाच."

मग सगळं आपोआप झालं. सुई मला दिली, सात दाणे घातले, पोट मी मिटवलं. मला टाका येतो, त्यामुळं माझं लुगडं काही शिवलं गेलं नाही. म्हणून विहीणबाई म्हणाल्या, "आणि भागीरथीचा तुकडा?" तेव्हा मी उठून पेटीतून लग्नातला शालू काढला, कापला, आणि तो तुकडा मुद्दाम लावला.

चार दिवसांनी सगुणा बाळाला बघायला आली. बाळ गोधडीवर निजलं होतं. तिनं कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली, फेऱ्यांमागून फेरे, आपलंच शिवण वाचत मध्यावर आली. मग गोधडीची कड उचलून हात पाठीमागं घातला. रेशमाला बोट लागलं तसं ते थांबलं.

"तुमीबी, बाय?" म्हणाली.

प्लेगाच्या दुसऱ्या साली सगुणा गेली. तिच्या दारात जमायला आळीतून कुणी गेलं नाही, मीही नाही. काल भागीरथीबाईंच्या ओटीवर मात्र आम्ही सगळ्या होतो. बायका म्हणत होत्या, काय हात होता. मग एकजण माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्हीच उरलात हो तसं शिवणाऱ्या." मी खाली बघून जरा हसले, बाई हसायच्या तशी.