दुसरी काडी

आमच्या देव्हाऱ्याखाली एक पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात पिवळ्या रुमालात गुंडाळलेली शिसवी काड्यांची जोडी असायची. साइड ड्रम वाजवायच्या काड्या. आधी त्या आजोबांच्या होत्या, मग अण्णांच्या झाल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. पंचवटीत आमचं लग्नाचं बँड पथक, आणि मी एकुलती एक. त्यामुळे पुढे त्या माझ्याच, असं मी लहानपणी धरून चालले होते. एकदा पाटावर बडवत बसले, तर अण्णांनी हातातून काढून घेतल्या.

"ह्या मिळत नाय, बाई. कमवाव्या लागतात," म्हणाले आणि बदल्यात हातावर पेढा ठेवला. मी पेढा खाल्ला आणि मग भोकाड पसरलं.

नियम साधा होता. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर बसला की ठेका धरायचा, आणि तो मांडवाच्या दारात उतरेपर्यंत तुटू द्यायचा नाही. मध्ये काहीही होवो. ट्रम्पेटवाल्याला ठसका लागो, क्लॅरनेटवाला तुटलेली चप्पल हातात घेऊन मागे राहो, ड्रमवाल्याने वाजवत राहायचं. बाकीचे थांबले तर त्यांना परत यायला जागा पाहिजे ना, असं आजोबा म्हणायचे. एक अख्खी मिरवणूक अशी नेली की काड्या तुमच्या. आजोबांनी अण्णांना अशाच दिल्या होत्या.

माझी मिरवणूक चांदवडला होती. तेव्हा मी बारावीत होते. पोरगी ड्रम वाजवते म्हणून अर्धं गाव दारात उभं. मी अशी वाजवत होते की विचारू नका! मांडव दिसायला लागला आणि मनातल्या मनात मी काड्या पेटीतून काढल्यासुद्धा. तेवढ्यात नवरदेवाचा मामा, चांगला आडवातिडवा माणूस, रुमाल दातात धरून नागीण झाला. भर रस्त्यात लोळला. आणि त्याची पँट अशी टर्रकन फाटली की माझ्या ड्रमच्या दणक्यातही मला तो आवाज ऐकू आला. मोठ्या माणसांनी सभ्यपणे आभाळाकडे पाहिलं. मला मेलीला ते जमलं नाही. मी हसले. हसता हसता दोन्ही हात थांबले.

आता लग्नातला घोडा ठेक्यावर चालतो. ठेका थांबला, घोडा थांबला. नवरदेव पुढे कलंडला, फेटा घोड्याच्या कानावर. "अगं बाई, नवरदेव अडला!" म्हणून करवल्यांनी एकच कालवा केला. अण्णा पुढून धावत आले. माझ्या गळ्यातला पट्टा काढायलाही थांबले नाहीत. माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, माझ्या हातातल्या काड्या घेतल्या आणि माझ्याच गळ्यातल्या ड्रमवर, उलट्या बाजूने, वाजवायला लागले. मांडवापर्यंत ते उलटे चालत गेले आणि मी खुंटीसारखी ड्रम गळ्यात घेऊन त्यांच्यासमोर चालत राहिले.

रागावले नाहीत, हेच वाईट. परतताना टेम्पोत त्यांनी स्वतःच्या वाटणीचा लाडूही मला दिला. आजोबांच्या काड्या मात्र पेटीतच राहिल्या. म्हटलं, हरकत नाही, पुढच्या मोसमात. पण तोवर गावोगाव डीजे आला. दोन-तीन वर्षांत आमच्याकडे मिरवणुका येईनाशा झाल्या, ट्रम्पेटवाल्याने रसवंती टाकली, आणि माझी अवस्था अशी झाली की परीक्षेला पुन्हा बसायचं तर शाळाच बंद!

नाशिकरोडला एक सर ड्रम शिकवतात असं कळलं, तेव्हा मी केवळ हाताला खाज सुटली म्हणून गेले. पंचाहत्तरीचे गृहस्थ, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवलेले. "वाजव," म्हणाले. मी वाजवलं. त्यांचा चहा पिऊन झाला, बिस्किटं खाऊन झाली, पेपर वाचून झाला.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्यात संपत नाही, सर. कोणीतरी घोड्यावरून उतरावं लागतं."

सर खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "बाळ, वाजवायला तू घरूनच शिकून आलीस. मी तुला थांबायला शिकवतो."

आणि खरंच, त्यांनी मला चार वर्षं थांबायला शिकवलं. काड्या मांडीवर ठेवायच्या, तोंड मिटायचं आणि आत मोजायचं. सुरुवातीला मला ते पापच वाटायचं. हात शिवशिवायचे. पण मग हळूहळू कळत गेलं, की आपण थांबलो तरी ठेका जातो कुठे? तो असतोच, फक्त आपण त्याच्या मध्ये बोलत नसतो. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत बसले होते. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

घरी मात्र पंचाईत. अण्णांनी माझे ड्रमवर फिरवायचे तारेचे ब्रश पाहिले आणि आईला हाक मारली, "अगं, तुझी भांडी घासायची तार सापडली बघ." जॅझ म्हणजे काय हे मी त्यांना मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यांची तालीम झाली नव्हती काय?"

मग गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षमळ्यातल्या एका हॉटेलात आमच्या चौघांच्या जॅझ ग्रुपचा कार्यक्रम ठरला. रविवारी सकाळी अकराला, हिरवळीवर. सॅक्सोफोनवाला आमचा दातांचा डॉक्टर, त्यामुळे रात्री-बेरात्री वाजवत नाही, दुसऱ्या दिवशी हात थरथरतो म्हणतो. मी धीर करून अण्णांना म्हटलं, "तुम्ही या. हीच माझी मिरवणूक समजा. तासभर वाजवणार आहे. नाही तुटला ठेका, तर काड्या द्या."

"घोडा हाय?"

"नाही, अण्णा."

"मग उतरणार कोण?" ते म्हणाले. मी चिडून आत निघून गेले. पाठीमागून त्यांचा आवाज आला, "बघू."

त्यांच्या 'बघू'त काय काय असतं ते आईलाही तीस वर्षांत कळलेलं नाही. पण रविवारी ते आले. मिसळ खाऊन, इस्त्रीचा शर्ट, वर बँडमास्टरचा जुना कोट. भर उन्हात कोट! आईने डोळ्यांनीच मला सांगितलं, काही बोलू नकोस.

पाऊण तास सगळं छान चाललं. शेवटच्या रचनेत बाकीचे तिघं थांबतात आणि मी एकटी वाजवते. हे अण्णांना मी सांगितलं नव्हतं. माझी चूक. पण त्या एकट्या जागेत मी काय ठेवलं होतं, ते त्यांना अचानक ऐकवायचं होतं. आजोबांचा मिरवणुकीचा ठेका. तो मी बारीक आवाजात सुरू केला, वाढवत नेला, आणि तिरक्या नजरेने पाहिलं तर अण्णा खुर्चीत ताठ झालेले. त्यांना ओळख पटली होती. माझा जीव सुपाएवढा झाला. आणि मग, सरांनी चार वर्षं शिकवलेलं सगळं पणाला लावून, मी त्या ठेक्याच्या ऐन भरात थांबले. आठ मात्रा. पूर्ण शांत. कार्यक्रमातली ती माझी सगळ्यात लाडकी जागा होती.

एक. दोन.

टक् टक्, टकटक टक्.

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. शिसवाचा. अण्णा उभे होते आणि कोटाच्या आतल्या खिशातून काढलेल्या आजोबांच्या काड्यांनी, समोरच्या सागवानी टेबलाच्या कडेवर, ठेका धरून होते. चेहरा अगदी चांदवडचा. बाकीचे आधीच थांबलेले, आता पोरगीही थांबली! पाण्याचे ग्लास नाचत होते. आई डोक्याला हात लावून बसली होती. आणि मला त्या आठ मात्रांत एकच गोष्ट कळली, की हा माणूस काड्या घेऊन आला आहे. मला द्यायला आणल्या होत्या त्याने!

नवव्या मात्रेला मी बरोबर त्यांच्या ठेक्यावर उतरले. डॉक्टरने प्रसंग ओळखून सॅक्सोफोन उचलला. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम झाल्यावर अण्णा गाड्यांपाशी भेटले. घाम पुसत हळूच म्हणाले, "घाबरू नको. सांभाळलं मी. कुणाला कळलं नाय." काड्या परत खिशात गेल्या होत्या.

मला हसू, रडू आणि राग, तिन्ही एकदम आलं. रागाने पहिला नंबर लावला. "अण्णा, तुटला नव्हता! ती जागा रिकामीच होती. मुद्दाम ठेवली होती!"

"मुद्दाम कोण तोडतं?"

"तोडला नाही! मी मोजत होते!"

"कशाने? हात तर मांडीवर होते."

मी बूट पुढे केला. "अंगठ्याने. आतल्या आत."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. मग तो बँडमास्टरचा कोट सावरत ते तिथंच मातीत उकिडवे बसले आणि माझ्या बुटावर तळहात ठेवला. "वाजव."

मी स्कूटरच्या सीटवर बोटांनी आजोबांचा ठेका धरला. जाणारे-येणारे बघत होते, बघेनात का! ऐन भरात थांबले. बोटं स्थिर. फक्त बुटातला अंगठा. आठ मात्रा अण्णांचा हात तिथे होता आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. नवव्या मात्रेला सीटवर माझी थाप पडली आणि त्याच क्षणी त्यांनीही मान हलवली.

उठले. गुडघे झाडले. "नाय तुटला," म्हणाले. "माझं चुकलं, बाई."

खिशात हात घालून त्यांनी एक काडी काढली आणि माझ्या हातात दिली. एकच. मी दुसरा हात पसरला.

"ही दुसरी नंतर," ते म्हणाले. "तू पास झालीस. आता मी शिकतो. त्या जागी मी एकदा गप्प बसलो की तुझी."

त्यानंतर आमचे नऊ कार्यक्रम झाले. अण्णा प्रत्येक वेळी येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि ती जागा आली की दोन्ही तळहात मांडीखाली दाबून, ओठ आवळून, लाल होतात. कधी चौथ्या मात्रेला टाच वाजते, कधी सहाव्याला ते घसा खाकरतात. आठापर्यंत कधीच पोचलेले नाहीत. मग घरी येताना स्वतःच कबूल करतात, "आजही नाय जमलं."

सर म्हणतात, दोन आठवड्यांत शिकवतो मी त्यांना, घेऊन ये. मी अजून नेलेलं नाही. दुसरी काडी त्यांच्याच खिशात असलेली मला बरी वाटते.