वाळूतलं मांडूळ

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही — आणि तो त्या दिवशी तिथेच होता.

पंधरा-वीस वर्षं झाली असतील. आम्ही सौदीत, अल खफजीला राहायचो. नवरा तेलाच्या कामावर इंजिनिअर, मी घरी. माझं माहेर सावंतवाडीकडचं, भाऊ साप पकडणारा. त्याच्यामुळे मलाही थोडंफार ओळखता यायचं. खफजीत कुणाच्या दारात साप निघाला की मला बोलावणं यायचं. एरवी तिथे मला कोण विचारत होतं? ते बोलावणं मला आवडायचं — फारच आवडायचं. तिथले साप मला नीट ओळखू येत नाहीत, हे मी कधी बोलले नाही.

थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही तीन-चार मराठी कुटुंबं वाळवंटात सहलीला गेलो. चटईजवळ वाळूत अर्धवट रुतलेलं जाडसर, मातकट अंग दिसलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी लांबूनच म्हणाले, "मांडूळ आहे. बिनविषारी."

शेजारच्या सुधीरभावजींनी मुलांना दाखवायला ते उचललं.

"वहिनी, चावलं हो," ते हसतच म्हणाले आणि हात झटकला.

तेवढ्यात मला डोकं दिसलं होतं. रुंद, तिकोनी, मानेपासून वेगळं. मांडुळाचं असं नसतं. मला कळलं — तिथल्या तिथे कळलं. आणि मी काय म्हणाले? "काही होत नाही. साबणाने धुऊन टाका."

का? सगळे बघत होते म्हणून? इतकंच? दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडत नाही.

त्यांनी हात धुतला, चहा घेतला. मी त्यांच्या बोटांकडे बघत बसले. आता बोलू, आता बोलू — जीभच उचलेना. बोटं सुजली, मग मनगट, मग हात काळानिळा पडला. तेव्हा कुठे मी म्हणाले, गाडी काढा.

ते वाचले. उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि काही महिन्यांनी नोकरीही. गावी परतायचं सामान बांधून झाल्यावर त्यांची बायको वैशाली मला भेटायला आली. मी रडत होते. तिने मला जवळ घेतलं.

"ताई, ओळखायला चूक कुणाचीही होते," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असतात का?"

मी मानेनेच नाही म्हटलं.