वेळेआधीचा सूर

माझा धाकटा भाऊ चिमाजी शरणपुरात मिशनच्या बागेचा माळी होता. आम्ही जातीचेच माळी, तेव्हा त्यात काही नवल नाय. पण तो किरिस्ताव झाला ह्याचं नवल आमच्या मखमलाबादला लोक अजून करतात. करू देत. संवत छप्पनच्या दुष्काळात आईबाप गेले, तेव्हा माझं लगीन झालेलं म्हणून मला सासरी भाकरी होती. त्याला कुणी नव्हतं. मिशननं त्याला जेवू घातलं. हे नवल करणारे त्या वेळी चतकोर घेऊन आले नव्हते.

मी भद्रकालीच्या बाजारात सलाउद्दीनभाईंच्या ओट्यावर फुलं विकायची. त्यांचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान. आत त्यांची बायको जैतुनबी लाख मळायची, ते शेगडीपुढं बसून बांगडी वळायचे, आणि बाहेर मी गजरे ओवायची. बांगड्या भरायला आलेली बाई जाता जाता गजरा घेतेच, असं आमचं तिघांचं बरं चाललेलं.

चिमाजीला एकच लेक, सगुणा. नाव मी ठेवलं. नाव आत्याच ठेवते. त्यांच्यात म्हणे पाद्री ठेवतो, पण चिमाजी मला म्हणाला, "आक्का, तू आधी कानात सांग. मग पाद्रीसाहेब काय पाणी टाकायचं ते टाकतील." असा तो. धर्म बदलला तरी आक्का बदलली नाय त्यानं.

मानमोडीच्या साथीत भावजय गेली आणि पोर तापानं फणफणली. चिमाजी घाबरला आणि देवाला बोलून बसला, की ही जगू दे, हिला तुझ्या कामाला देईन. आता नवस आपणही बोलतो. नारळ बोलतो, कोंबडं बोलतो, लयच झालं तर पायी येईन म्हणतो. लेक कुणी बोलतं का? पण तो बोलला, आणि पोर जगली.

मग काही वर्षं ती माझ्याकडंच होती. पहाटे जात्यावर माझ्यासमोर बसायची. तिला एक खोड होती. माझी ओळ संपायच्या आत तिची पुढची ओळ सुरू. शरणपुरात गेली तर तिथंही तेच. मिशनच्या देवळात सगळे गायला तोंड उघडतायत, तोवर हिचा आवाज निघालेला. पाद्रीसाहेब रागवायचे. मी म्हणायची, "अगं भवाने, जरा दम धर. कुठं टांगा चुकतोय तुझा?" तर म्हणायची, "आत्या, मला राहवतच नाय."

मोठी झाली, तशी मिशनच्या मिससाहेबांनी तिला नर्सचं शिकायला विलायतेला न्यायचं काढलं. मी शरणपुरात जाऊन चिमाजीशी कडाकडा भांडले. तो रोपांना पाणी घालत होता. मी म्हटलं, "एकुलती एक पोर, बोटीत बसवतोस?" तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, मी त्याला बोललोय." म्हणजे देवाला. बोललेलं परत घ्यायची सोय त्याच्याकडं नव्हती. मी हात टेकले.

ती गेली. तिथं शिकली, तिथल्या गाणाऱ्यांच्या मेळ्यात गाऊ लागली, आणि एका हिवाळ्यात छातीत कफ भरून मेली. तिथंच पुरली. आम्हाला कळेपर्यंत तिच्या मातीवर गवत उगवलं असेल. चिमाजी रडला नाय. त्यानं त्या दिवशी गुलाबाची छाटणी केली, आणि हंगाम नसताना केली. त्या साली बंगल्यापुढं गुलाब फुललाच नाय.

पुढल्या वर्षी मिससाहेब परत आल्या आणि येताना ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक पेटी घेऊन आल्या. सगुणाच्या मेळ्यानं गायलेल्या. बायबलातली गोष्ट, दोनशे वर्षांमागं कुणीतरी गाण्यात बसवलेली. सोंग नाय, नाच नाय, शे-पाऊणशे माणसं उभी राहून नुसती गातात आणि गोष्ट पुढं सरकते. गोष्ट मला चिमाजीनं सांगितली. इफ्ताह नावाचा एक सरदार. लढाईला जाताना देवाला बोलला, की जिंकून आलो तर माझ्या घरातून जे पहिलं सामोरं येईल ते तुझं. जिंकून आला. आणि सामोरी कोण आली, तर एकुलती एक लेक, डफ वाजवत.

मी म्हटलं, "आणि देवानं घेतली?"

चिमाजी म्हणाला, "बायबलात तर तसंच हाय. पण ह्या गाण्यात देवदूत येऊन सोडवतो म्हणे तिला."

"गाण्यात," मी म्हटलं. माझं डोकंच फिरलं होतं.

त्या पेटीतल्या एका तबकडीत त्याला सगुणा सापडली. मिससाहेबांच्या व्हरांड्याबाहेर उभा राहून ऐकत होता. एका तबकडीच्या तोंडालाच सगळा मेळा एकदम सूर लावतो. पण त्याच्या जरा आधी, पापणी हलावी तेवढं आधी, एकच आवाज निघतो. चिमाजीच्या हातातली झारी खाली पडली. मिससाहेबांना विचारलं तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हो चिमाजी, ती सगुणाच. मेळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गाणं बसवणारे मास्तर फार रागावले होते तिला." आणि ती तबकडी त्यांनी त्यालाच देऊन टाकली.

सलाउद्दीनभाईंनी गिऱ्हाईक रमावं म्हणून दुकानात एक जुना ग्रामोफोन ठेवला होता. चिमाजी रविवारी देवळातली प्रार्थना झाली की तबकडी घेऊन चालत भद्रकालीत यायचा, कारण मलाही ऐकता यावं. पहिल्यांदा सुई टेकली, खरखर झाली, आणि माझी पोर सगळ्यांच्या आधी निघाली. मला त्यांची भाषा कळत नाय, राग कळत नाय. पण जात्यापुढचा तो आवाज मला कळतो. मी पदर तोंडात कोंबला. जैतुनबी आतून आली आणि माझ्याजवळ बसली. मग दर रविवारी आम्ही चौघं तेवढ्यासाठी थांबायचो. पुढचं गाणं वाजायचं तसं वाजू द्यायचो.

उन्हाळा लागला. लाख उन्हानं वाकते, तबकडीही वाकेल, असं सलाउद्दीनभाई म्हणाले होते. चिमाजीनं ते मनावर घेतलं. कलमं न्यायची जी माळ्याची रीत, तीच त्यानं तबकडीला लावली. पाटीत ओलं फडकं, त्यावर तबकडी, वरून पुन्हा फडकं, आणि त्यावर गार राहावी म्हणून कोबीची ताजी हिरवी पानं. पाटी डोक्यावर घेऊन आला, आणि माझ्याशी बोलायला म्हणून ओट्याशी टेकवली. भद्रकालीत मोकळ्या गाई काय कमी आहेत? हिरवा वास लागला आणि एकीनं सरळ पाटीत तोंड घातलं. चिमाजीनं पाटी ओढली, तिनं पानं ओढली, आणि तबकडी ओट्याच्या दगडावर आपटली.

फुटली नाय. कडेपासून आत दोन बोटं भेग गेली. लावून पाहिली तर वाजत होती. प्रत्येक फेऱ्याला टक् करायची, एवढंच. सगुणा होती. पण त्या टक्‌टकीत कधी सापडायची, कधी नाय सापडायची. चिमाजी कान देऊन बसायचा आणि टक् झालं की त्याचा चेहरा असा व्हायचा, की माझ्यानं बघवेना.

सलाउद्दीनभाईंनी दुकानातल्या दुसऱ्या एका जुन्या फुटक्या तबकडीचा तुकडा निखाऱ्यावर टाकला. वास आला तसं जैतुनबी म्हणाली, "लाखच आहे." भाई म्हणाले, "चिमाजी, ही तर आमच्या घरचीच चीज. तडकलेली बांगडी जोडतो तशी जोडून देतो."

मी म्हटलं, "वाजतेय ना? मग राहू द्या भाई. हात लावू नका."

भाई काही आडदांड माणूस नव्हे. त्यांनी आधी एक जुनी, टाकलेली तबकडी मुद्दाम तडकवली आणि जोडून दाखवली. जोड नखाला लागत नव्हता. चिमाजीनं बोट फिरवून पाहिलं, मी पाहिलं, जैतुनबीनं उजेडात धरून पाहिलं. बांगडीचा जोड तसाच पाहतात. ती वाजवून बघावी हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाय. जीव भांड्यात पडला आणि मीच गप्प बसले.

त्यांनी सळई तापवून भेगेवरून फिरवली. लाख पाघळली, भेग मिटली. मग त्यांनी तेलाचं बोट लावलं आणि कड कापडानं घासून घासून चकचकीत केली. बांगडीला नसेल दिला एवढा हात त्या माणसानं तिला दिला. सगुणाची म्हणून.

चिमाजीनं स्वतः सुई टेकवली. टक् झालं नाय. सुई त्या चकचकीत कडेवरून घसरली, नुसती सर्रकन आत सरकत गेली, आणि जिथं रेघा शाबूत होत्या तिथं अडकली. मेळा गात होता. सगळे एका सुरात, एका दमात, कुणाचं काही चुकत नव्हतं.

त्यानं सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली. पुन्हा तसंच. भाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथंच भिंतीला टेकून रडू लागले. मला इतका राग आला होता की काय करू आणि काय नको झालं. चिमाजीच त्यांना म्हणाला, "भाई, जोड लय चांगला बसलाय." खरंच बसला होता.

तो पुढंही रविवारी यायचा. तबकडी लावायचा. सुई घसरत असते तेवढ्या वेळात तो तोंड उघडायचा, तिच्या जागी तो सूर आपण लावावा म्हणून. पण सूर निघायचा नाय. मेळा सुरू व्हायचा आणि तो तोंड मिटून घ्यायचा. एकदा माझ्याकडं वळून म्हणाला, "आक्का, कसा गं होता? तू सांग."

मी गजरा खाली ठेवला. पोरीला नाव मी दिलं, जात्यावर बसवून ओव्या मी शिकवल्या. आणि मलाही आठवत नव्हतं.

"गोड होता," मी म्हटलं.

"ते ठाऊक हाय," चिमाजी म्हणाला, आणि त्यानं सुई पुन्हा कडेला ठेवली.