रिठदची एकुलती एक खुर्ची

माहा जवाई जगदेव आंधळा हाये. हे मी कोनाले कानात सांगत नाई, चारचौघात सांगतो. लहानपनी देवी आल्या अन् डोळे घेऊन गेल्या. बाकी मानूस अख्खा हाये, तोंड तं दोघाचं हाये. त्याच्या तोंडानंच मले लय ताप देला. लग्नाचा पत्ता नाई, अन् मले रस्त्यात 'मामी' म्हनून हाक मारे. म्या म्हनलं, "मावशी म्हन. मामी सासूले म्हनतात, अन् मी तुही सासू झाली नाई अजून."

माही पोरगी रंगू त्याच्याच नावानं बसली होती. मी तिले सांगतलं, पोरगा आंधळा हाये याचं मले काई नाई, बिनकामाचा हाये त्याचं बोल. काम लागू दे, मंग पाहू. आजबी म्हनतो, काई चुकलं नव्हतं माहं.

आपलं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच सुमाराले सरकारले आंधळ्या-पांगळ्यायची आठवन आली. कोनी कोनाच्या तोंडाकडं पाहाचं नाई, हाताले हुन्नर शिकाचा. चांगलीच गोष्ट होती. जगदेवले शहरात नेलं, वरीसभर ठेवलं, अन् वेताच्या खुर्च्या इनाले शिकवलं. पन बाप्पा, कोनी इचारलं काय, आमच्या रिठदात खुर्च्या किती हायेत? एक होती. नानाजी पाटलाची, चावडीतली. तिच्यावर नानाजीबी बसत नव्हते, त्यायची टोपी बसे.

आला जगदेव वेताचा भारा घेऊन. घरोघर फिरला. लोक म्हनत, खुर्चीवर बसून जेवाचं का दळाचं? मंग त्याचे हात शिवशिवाले लागले. मायच्या बाजेले वेत इनला. तुळशीच्या कट्ट्याले कुंपन इनलं. माह्या बैलाले वेताचं मुसकं करून देलं, म्हने ज्वारीत तोंड घालनार नाई. बैलानं आधी मुसकं खाल्लं, मंग ज्वारी खाल्ली.

तेवढ्यात सांगावा आला. सरकारचे मोठे साहेब जगदेवचं काम पाहाले येऊन राह्यले. जगदेव कामात दिसला तं वाशीमले नवा वर्ग निघनार, तिथं त्याले मास्तर करनार. नाई दिसला तं सरकारनं देलेली हत्यारं वापस. रंगूनं त्या दिवशी भाकरीच खाल्ली नाई.

गावात एकबी खुर्ची फाटलेली नाई, तं दुरुस्ती कायची दाखवाची? नानाजी दिलदार मानूस. त्यायनं टोपी उचलली, इळा घेतला, अन् आपल्या हातानं चांगल्या खुर्चीचं बसनं कापून काढलं. म्हने, "घे जगदेव, इन आता." नुसता सांगाडा राह्यला. जगदेव वेत भिजवाले हिरीवर गेला, कारन कोरडा वेत मोडते.

अन् साहेब आले टायमाच्या आधी. मी त्यायच्यासाठी भाकरी-वांगं घेऊन चावडीत गेलती, म्हनून सारं माह्या डोळ्यादेखत झालं. पाहुना आला तं त्याले उघड्या जाग्यावर बसवाचं नाई, ही आमची रीत. नानाजीनं घाईघाईत घरातून नवी सतरंजी आनली अन् खुर्चीवर अंथरली. इळा स्वताच चालवला होता, पन पाहुना दिसला का या मानसाले दुसरं काई सुचत नाई. "बसा साहेब," म्हने.

साहेब बसले अन् सतरंजीसकट खाली गेले. गुडघे हनुवटीले लागले, बूट वर आले. नानाजी हात धरून ओढत, कोतवाल पाय धरून ओढे. मी पदर तोंडात कोंबला, हसू येऊन राह्यलं होतं अन् इकडं पोरीचं लग्नबी बुडून राह्यलं होतं.

जगदेव आला. गळ्यात ओला वेत. खुर्ची चाचपली तं मधात मानूस लागला. त्याले वाटलं नानाजी. "दम धरा ना नानाजी, अजून इनली नाई," म्हने, अन् वेताचं टोक सांगाड्याच्या भोकातून घातलं बी. साहेबाले गुदगुल्या झाल्या, ते ओरडले. तवा याच्या ध्यानात आलं. मंग यानं शांतपनं सांगतलं, "साहेब, दम सोडा, पाय वर घ्या." खुर्ची आडवी केली, अन् साहेब निंघाले.

साहेब लालेलाल. चाललेच होते, पन नानाजीनं ताट आडवं ठेवलं, अन् वऱ्हाडात ताट ओलांडून कोन जाते? साहेब जेवले. वांगं माहं होतं, लय जेवले. मंग झोपले. जगदेव इकडं ओठ दाबून इनत होता. दिवस कलला तवा खुर्ची झाली. साहेब उठले, खुर्चीकडं पाह्यलं, अन् दोन पावलं मागं सरले.

"आधी कोनी बसून दाखवा," म्हने.

नानाजीले अचानक गुडघा दुखाले लागला. कोतवाल छत पाहे. जगदेव म्हने मी बसतो, तं साहेब म्हने तू काडीसारखा, त्यात काय कळनार? जगदेवनं कोनाचा पाय वाजते म्हनून कान देला, अन् कोनीच हललं नाई. त्याचं तोंड उतरलं. मले वाईट वाटलं बाप्पा, खोटं काहून सांगू?

मी अंगानं कशी हाये हे साऱ्या रिठदले ठाऊक हाये. पाटलासमोर बाईनं खुर्चीवर बसाची रीत नाई, हेबी ठाऊक हाये. म्या पदर डोक्यावर घेतला, गेली, अन् बसली. चांगली हलून डुलून बसली. वेत करकरला, पन एक काडी तुटली नाई.

साहेब म्हने, "वाशीमचा वर्ग याचा."

रंगू दारात रडे. मी उठाले गेली तं उठता येईना. वेत पक्का होता, मीच खुर्चीच्या दोन हातांच्या मधात अडकली. मंग म्या तिथूनच सांगतलं, "रंगे, कुंकू आन. जगदेवले इकडं वाकव, मले उठता येऊन नाई राह्यलं."

त्याच्या कपाळाले कुंकू लावलं, सोयरीक पक्की केली. त्यानं खुर्चीचे हात चाचपले, माहे हात चाचपले, अन् साऱ्या चावडीसमोर म्हने, "मामी, दम सोडा, आता पाय वर घ्या."