ताईंनी मागे घेतलेला अर्ज

आमच्या फॉल-पिकोवाल्या ताई नवऱ्याबद्दल कधी अरे-तुरेत बोलल्या नाहीत. कपाळावर तीन टाके घेऊन माझ्या साड्यांच्या दुकानात आल्या, तेव्हाही म्हणाल्या, ‘‘त्यांचा हात जरा जोरात लागला.’’ मी भडकले. ‘‘जरा म्हणजे किती टाके, ताई?’’ त्या हसल्या आणि गाठोडं उचलून चालू लागल्या.

केबिन रोडच्या फुटपाथवर गाऊन विकत मी हे दुकान उभं केलं. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. ताईंना ते जमतच नसे. गिऱ्हाइकाला साडी उद्याच हवी असली, तरी ‘‘देते’’ म्हणायच्या. ‘‘भाभी, वाद घालण्यात जातो तेवढ्या वेळात एक फॉल लागतो.’’

त्यांना वकिलाकडे मीच ओढत नेलं. नवऱ्यानं घरात पाऊल टाकू नये, म्हणून संरक्षणासाठी अर्ज केला. कोर्टानं तात्पुरता आदेश दिला. नवरा मीरा रोडला भावाकडे राहायला गेला. तेव्हा पहिल्यांदा ताई दुकानात बसून पूर्ण कप चहा प्यायल्या.

मग ताईंच्या लेकीला महाडकडचं स्थळ आलं. ताईंचा दीर माझ्या दुकानात चकरा मारू लागला. ‘‘भाभी, वहिनीला समजवा. बाप घरात नाही म्हटल्यावर पाहुणे काय म्हणतील? केस मागे घ्यायला सांगा.’’

‘‘घेऊ की,’’ मी म्हटलं. ‘‘आधी तुमच्या भावाची खोली ताईंच्या नावावर करा.’’

तो चिडला, उठून गेला, परत आला. शेवटी नमला. म्हणाला, ‘‘आठ दिवसांत कागद करून देतो.’’ सौदा जमला होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी ताईंनी एकटीनं कोर्टात जाऊन पुरशिस लिहून दिली: अर्ज मागे घेत आहे, कोणाचा दबाव नाही. न्यायाधीश साहेबांनी दोनदा विचारलं म्हणे. दोन्ही वेळा ताईंनी तेच सांगितलं.

‘‘आठ दिवस दम निघत नव्हता?’’ मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले.

‘‘रविवारी पाहुणे यायचेत, भाभी. ‘या, बसा’ म्हणायला ते घरात नकोत?’’

मग कागद कोण करतंय! दीर दुकानाकडे फिरकला नाही. लग्न थाटात झालं. नवरा फेटा बांधून मिरवला.

महिन्याभरानं ताईंच्या मनगटावर निळा डाग दिसला. मी मुद्दाम विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, ‘‘पूर्वी पोरगी मध्ये पडायची.’’

वर्षाच्या आत नवऱ्यानं खोली विकली. दोघं गावी निघाली. आता इतकी वर्षं झाली. माझा राग गेला नाही, नुसता दमलाय.

निघायच्या दिवशी ताई शेवटच्या साड्या द्यायला आल्या. ‘‘येते, भाभी.’’ मी गिऱ्हाइकाला पैठणी उलगडून दाखवत राहिले. त्या थोडा वेळ उभ्या होत्या, हे मला कळत होतं.

गिऱ्हाइकानं काहीच घेतलं नाही. मी मान वर केली तेव्हा ताई गेल्या होत्या, आणि त्यांच्या गावाचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.