दोन जिल्हे, एक भोंगा

मी ग्रामसेविका. ऑफिसात चहा आला की कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, ते पुराच्या भोंग्याचं सांगा ना!" एक किस्सा सांगायला जाते तर त्याच्या मागे दुसरा निघतो. फाईलमध्ये हे सगळं दीड पानात बसलंय. बाकीचं माझ्या डोक्यात.

आधी माणसं सांगते. आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, नदीच्या खालच्या अंगाला. अक्का आमच्या सरपंच. वर आठ किलोमीटरवर नानांचं गाव, ते धुळे जिल्ह्यात. तिथले सरपंच नाना. आणि देवरे सर जळगाव शहरात, मेहरूणला राहतात, पॉलिटेक्निकला शिकवतात. वर पाणी वाढलं की खाली भोंगा वाजेल, असं यंत्र त्यांनी बनवलं होतं. आमचा पूल म्हणजे नुसती फरशी. हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात एक मोटारसायकल त्यावरून वाहून गेली होती. माणूस झाडाला धरून वाचला.

*

पहिली मीटिंग कुठे घ्यायची, यावरच महिना गेला. अक्का म्हणाल्या, "मी तिकडे गेले तर लोक म्हणतील मागायला गेली." नाना म्हणाले, "मी खाली उतरलो तर आमचे लोक म्हणतील, सरपंच त्यांचा झाला."

शेवटी जिल्ह्याच्या हद्दीवर, कडुलिंबाखाली टेबल टाकलं. नानांची खुर्ची धुळ्यात, अक्कांची जळगावात. देवरे सर लॅपटॉप घेऊन उभेच. "मी कोणत्या जिल्ह्यात बसू?"

नाना म्हणाले, "सर, तुम्ही टेबलवरच बसा!"

*

अर्ज ऑनलाईन होता. त्यात जिल्हा एकच निवडता येत होता.

ऑपरेटरने विचारलं, "मॅडम, नदी कोणत्या जिल्ह्यात आहे?"

"दोन्ही."

"असं चालत नाही. एक सांगा."

मग आम्ही दोन अर्ज केले. पाणी मोजायचं यंत्र धुळ्याच्या अर्जात, भोंगा जळगावच्या. दोन्ही मंजूर झाले. कागदावर एका गावाला आवाज नसलेलं यंत्र मिळालं आणि दुसऱ्याला कारण नसलेला भोंगा!

*

मे महिन्यात, भर दुपारी, कोरड्या आभाळाखाली भोंगा वाजला. अख्खं गाव रस्त्यावर. मी नानांना फोन लावला. ते धावत नदीवर गेले आणि पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"मॅडम, म्हैस शे."

डोहात उतरलेली म्हैस बरोबर खांबावरच्या यंत्राखाली उभी होती. यंत्राने तिची पाठ मोजली होती.

मला वाटलं, देवरे सर खट्टू होतील. पण सर दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर! रात्रीतून त्यांनी प्रोग्राम बदलला होता आणि आता तपासायचा होता. "नाना, तीच म्हैस परत तिथेच उभी करता येईल का?"

नाना गंभीरपणे म्हणाले, "सर, तिला विचारून सांगतो."

*

भोंग्यासोबत सरपंचांना मेसेजही जायचा. इंग्रजीत. पहिले तीन अक्कांनी डिलीट केले. त्यांना वाटलं, रिचार्ज संपला असेल.

मग ठरलं, मेसेज नको, फोनच जाऊ दे, आणि आपल्या अहिराणी बोलीत. आवाज नानांचा. ते मोबाईलसमोर बसले आणि एका दमात बोलले, "पानी ई राहिनं! बठ्ठा पूलवरथून बाजूले व्हा!"

सर म्हणाले, "नाना, थोडं हळू बोला. रेकॉर्डिंग आहे."

"सर, पानी हळू इस का?"

तेच रेकॉर्डिंग ठेवलं.

*

ऑगस्टमध्ये खरा पूर आला. आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस वर धुळ्याकडे. दुपारी चारला भोंगा वाजला आणि अक्कांचा फोनही. अक्का घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलून पुलाच्या तोंडाशी गेल्या आणि रस्त्याच्या मधोमध बसल्या. मी त्यांच्या बाजूला उभी.

निंदणी करून परतणाऱ्या पाच बायका रिक्षात होत्या. रिक्षावाला म्हणाला, "अक्का, पाणी घोट्याएवढं पण नाही. जाऊ द्या ना."

"नानांचा फोन आला."

"अहो, तो मशीनचा फोन आहे!"

"आवाज नानांचा आहे ना?" अक्का उठल्या नाहीत.

रिक्षावाल्याने चिडून इंजिन बंद केलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली. मग वरून आवाज आला, आणि पाण्यासोबत अख्खं बाभळीचं झाड. बघता बघता फरशी दिसेनाशी झाली. रिक्षातल्या एका म्हातारीने बाकीच्या चौघींच्या खांद्याला एकेक करून हात लावला आणि ती रडायला लागली.

रिक्षावाला जरा वेळाने म्हणाला, "अक्का, ती खुर्ची मागे घ्या. पाणी चढतंय."

*

आमचा पूल वाचला, पण वरचं यंत्र खांबासकट वाहून गेलं. नवीन बसवायचं तर नानांच्या ग्रामसभेचा ठराव पाहिजे. अक्कांनी मला पाठवलं. म्हणाल्या, "तू सांग. मला भरून येईल."

सभेत रतन आप्पा उभे राहिले. बोलणं चुकीचं नव्हतं. "पूर येतो खालच्या गावात. खांब पुरायचा आम्ही, राखायचा आम्ही, पावसात जाऊन पुसायचा आम्ही. आपल्या गावाला काय फायदा? कसाले पाहिजे?"

माना डोलल्या. मी रिक्षातल्या बायकांचं सांगायला उठले, तर नानांनी मला हाताने बसवलं. ते स्वतः उभे राहिले.

"जेसनी पोर खालना गावमा देयेल शे, त्यासनी हात वर करा."

खालच्या गावात लेकी दिलेल्यांचे आधी दोन हात वर गेले. मग दहा-बारा. मग मागच्या बायकांचे. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

रतन आप्पा इकडे तिकडे बघत उभेच होते. शेवटी हळूच म्हणाले, "नाना, मनी पोर तठे देयेल नही. पन सून तठलीच शे. मी हात वर करू का?"

नाना म्हणाले, "आप्पा, तू दोन्ही वर कर!"